आपली वर्तमानपत्रं कुठं आहेत?



मागच्या जयंतीच्या तयारीची बैठक चालू होती. वर्गणीचा हिशेब, मंडप, मिरवणुकीचा मार्ग, नेहमीचंच. तेवढ्यात अंबड तालुक्यातली एक पोरगी उठली. बी. ए. ला आहे. म्हणाली, "काका, मला पत्रकारितेला जायचंय. त्याआधी वाचायचंय. बाबासाहेबांची वर्तमानपत्रं, आपले जलसे, हे टीव्हीवाले आन् मोबाइलवाले आपल्याविषयी काय आन् कसं सांगतात, सगळ्याचा अभ्यास करायचाय. पुस्तकं कुठं मिळतील? जालन्यात मिळतील का?"

कुणी उत्तर दिलं नाही. हिशेब पुढं चालू झाला. पोरगी खाली बसली. मीही गप्प बसलो, आणि रात्रभर ते गप्प बसणं मला टोचत राहिलं. कारण हाच प्रश्न घेऊन मी चाळीस वर्षांपूर्वी फिरलो होतो. तिला द्यायचं राहिलेलं उत्तर इथं लिहितो आहे. थोडं लांबेल, पण हा पत्ता एका ओळीत सांगता येत नाही. त्यात आपला इतिहास गुंतलेला आहे.

१

१९८२ साल. जालना जिल्हा होऊन वर्ष झालं होतं. मी नागसेनवनात शिकत होतो आणि सुट्टीत गावी आलो होतो. नामांतराचे दिवस. बाबासाहेबांनी पाव शतक चालवलेल्या 'जनता' पत्राविषयी एका भाषणात ऐकलं होतं. ते पाहायचं म्हणून एका ग्रंथालयात गेलो. नाव सांगत नाही, कारण तेव्हा कुठंही गेलो असतो तरी वेगळं काही घडलं असतं असं वाटत नाही. टेबलामागच्या माणसाला म्हणलं, 'जनता'च्या फायली पाहायच्यात.

तो म्हणाला, "जनता? तो पक्ष फुटला की."

म्हणलं, पक्ष नाही, पेपर. बाबासाहेबांचा.

"तसलं काही आमच्याकडं नसतं."

माणूस वाईट नव्हता. त्यानं चिडून सांगितलं नाही, खरं तेच सांगितलं. त्याच्याकडं ते नव्हतंच. 'दर्पण'चं नाव त्याला पाठ होतं. ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकर. आजही ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. ३१ जानेवारी १९२० ही तारीख मात्र आपली आपल्यालाच लक्षात ठेवावी लागते. त्या दिवशी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला.

गावी परतल्यावर आज्याला ही गोष्ट सांगितली. तो हसला आणि आतून पत्र्याची पेटी ओढून आणली. तळाशी, लुगड्याच्या घडीखाली, 'प्रबुद्ध भारत'चे चार अंक होते. धर्मांतराच्या वर्षातले. आज्याला अक्षर येत नव्हतं. मग अंक कशाला घ्यायचा? म्हणाला, "मास्तराचं पोर वाचायचं, वाडा ऐकायचा." वाचणारा एक आणि ऐकणारे चाळीस. पत्रकारितेच्या पुस्तकात खप आणि वाचक असे दोन शब्द असतात. आपल्या वर्तमानपत्रांना तिसरा शब्द लागतो, ऐकणारे. तो हिशेब कुणी मांडलेला नाही.

ते चार अंक मी हाताळले, वास घेतला, आणि परत पेटीत ठेवले. पुन्हा पाहू म्हणलं. चार वर्षांनी पेटी उघडली तर वाळवीनं तळ खाल्ला होता. मास्तर नाही, सवर्ण नाही, सरकार नाही, ही चूक माझी. म्हणूनच लिहितो आहे.

२

आता इतिहास. आपली वर्तमानपत्रं ग्रंथालयात का नाहीत, हे ती कशी निघाली त्यावरून कळतं.

१ जानेवारी १८७७ ला कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' काढलं. पुढं नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत चालवलं. १ जुलै १९०८ ला शिवराम जानबा कांबळ्यांनी पुण्यात 'सोमवंशीय मित्र' सुरू केलं. नागपूरकडं किसन फागूजी बनसोडे यांनी एकामागून एक पत्रं काढली: 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका'. एक बंद पडलं की दुसरं. वर्गणीदार हातावर पोट असलेले. त्या काळातल्या पत्रांचे किती अंक आज शिल्लक आहेत ते शोधायला गेलं की घसा कोरडा पडतो.

मग 'मूकनायक'. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकरांचं नाव, कारण बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते. आपलं पत्र निघतंय याची जाहिरात 'केसरी'नं छापावी म्हणून विचारलं. फुकट नाही, पैसे देऊन. तरी जागा मिळाली नाही. हे बाबासाहेबांनी स्वतःच पुढं लिहून ठेवलं आहे. पैसे देऊनही चार ओळींची जागा नाही, ही आपल्या पत्रकारितेच्या इतिहासातली पहिली धडा घेण्यासारखी गोष्ट.

३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' आलं. महाडचा सत्याग्रह होऊन पंधरवडाही झाला नव्हता. महाडबद्दल इतर पत्रं काय लिहीत होती आणि 'बहिष्कृत भारत' काय लिहीत होतं, हे शेजारी ठेवून वाचलं तर बातमी म्हणजे काय ते समजतं. २९ जून १९२८ ला 'समता', संपादक देवराव नाईक. २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता', आधी पाक्षिक, वर्षभरानं साप्ताहिक. ते पंचवीस वर्षं चाललं. ४ फेब्रुवारी १९५६ ला त्याचंच 'प्रबुद्ध भारत' झालं.

ही सगळी मुंबई, पुणे, नागपूर. आपण कुठं होतो? आपण निजामाच्या राज्यात होतो. जालन्यातून १९०० साली रेल्वे गेली. मनमाडहून सिकंदराबादकडं जाणारी मीटरगेजची गाडी. पण शाळेची आणि कचेरीची भाषा उर्दू. आपल्या माणसाला मराठी अक्षरही मिळत नव्हतं, तिथं मराठी वर्तमानपत्र कुठून? हैदराबाद शहरात भाग्यरेड्डी वर्मांनी १९३१ साली 'भाग्यनगर पत्रिका' काढली, ती तेलुगूत. आपल्या बाजूला बाबासाहेबांचं म्हणणं पोचलं ते परिषदांतून आणि माणसांच्या तोंडून. ३० डिसेंबर १९३८ ला कन्नड तालुक्यात मक्रणपूरला परिषद झाली, भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकारानं. त्या परिषदेला गेलेली माणसं गावोगाव परत आली, हेच आपलं तेव्हाचं वर्तमानपत्र.

म्हणून मराठवाड्यातल्या पोरानं किंवा पोरीनं माध्यमांचा अभ्यास नुसत्या छापील कागदावर करून भागत नाही. आपल्याकडं जलसा हे माध्यम होतं. भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहून ठेवलं आहे, ते मिळवा. जात्यावरची ओवी हे माध्यम होतं. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. गी पॉटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यातल्याच या. त्या बायांपैकी कितींना वाचता येत होतं? पण चवदार तळं, राज्यघटना, दिल्ली, सगळ्या बातम्या त्यांना ठाऊक होत्या. कुणी सांगितल्या? हा शोधनिबंधाचा विषय आहे. घ्या कुणीतरी.

आणि त्याहूनही मागं जायचं तर आपल्या भोकरदनला जा. १९७३ साली तिथं उत्खनन झालं. त्याचं जुनं नाव भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी सांचीच्या आणि भरहुतच्या स्तूपासाठी ज्यांनी दान दिलं, त्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत, आणि त्यात भोगवर्धनची माणसं आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं कुठून कुठं जाऊन आपलं आणि आपल्या गावाचं नाव दगडावर लिहवून घेतलं. ते टिकलं म्हणून आज सांगता येतं. कागद टिकवायचं काम आपलं आहे.

३

मग टिकवलं कुणी?

ग्रंथालयांनी फार थोडं. टिकवलं माणसांनी. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी बाबासाहेबांचं चरित्र लिहिताना आयुष्यभर कागद जमवले. त्यांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. आप्पा रणपिसे यांनी १९६२ साली 'दलितांची वृत्तपत्रे' हे पुस्तक केलं, तेव्हा या विषयाला विषय म्हणायलाही कुणी तयार नव्हतं. रत्नाकर गणवीर यांनी 'बहिष्कृत भारत'मधले अग्रलेख १९७६ साली पुस्तकरूपानं आणले. आपल्या औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी १९६७-६८ पासून 'अस्मितादर्श' चालवलं आणि १९८७ साली 'पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा ग्रंथ दिला. पत्रकारितेला जाणाऱ्या पोरीनं सुरुवात या ग्रंथापासून करावी असं माझं मत आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी जुने अंक चाळत आणि म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायांची घरं शोधत फिरल्या, त्यातून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' झालं. कागद आणि तोंडची आठवण एकमेकांना कशी पडताळून पाहायची, हे त्या पुस्तकातून शिकावं.

वसंत मून यांचं नाव वेगळं घेतलं पाहिजे. सरकारच्या चरित्र साधने समितीचं काम त्यांनी अंगावर घेतलं. पहिला खंड १४ एप्रिल १९७९ ला निघाला. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचा एकत्र खंड १९९० साली निघाला. म्हणजे 'मूकनायक'चा पहिला अंक निघाल्यापासून सत्तर वर्षांनी तो साध्या माणसाला विकत घेता येईल अशा रूपात आला. बाबासाहेबांची मराठी भाषणं १८ व्या खंडाच्या तीन भागांत आहेत, ती बहुतेक 'जनता', 'प्रबुद्ध भारत' या पत्रांतूनच उचललेली. भाषणाखाली कोणत्या अंकातून घेतलं त्याची तारीख असते. ती तारीख वाचायची सवय लावा. आपण भाषण वाचतो आणि तारीख सोडून देतो.

पण सरकारनं हाती घेतलं म्हणजे काम झालं असं नाही. खंडांची छपाई रखडली, मागणी असून प्रती मिळेनात, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली. बातमी कोर्टाला हलवते, हाही धडा.

आणि २५ जून २०१६. दादरचं आंबेडकर भवन रात्रीतून पाडलं. तिथं बुद्धभूषण छापखाना होता. आपली पत्रं जिथं छापली गेली तो छापखाना. जुनी यंत्रं आणि कागदपत्रं ढिगाऱ्यात गेली असं तेव्हा सांगितलं गेलं. हजारोंचा मोर्चा निघाला. मीही त्या बातमीनं पेटून उठलो होतो, पण रात्री झोपताना आज्याची पेटी आठवली. मुंबईला बुलडोझर लागला, आमच्याकडं वाळवीनं भागलं.

४

आता ग्रंथालयाकडं येतो. कारण राग धरून ग्रंथालयात न जाणं हे आपल्याच तोट्याचं आहे.

१९५४ चा एक कायदा आहे. छापलेलं प्रत्येक पुस्तक प्रकाशकानं तीस दिवसांच्या आत स्वखर्चानं ठरलेल्या चार ग्रंथालयांना पाठवायचं. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. १९५६ पासून त्यात वर्तमानपत्रं, नियतकालिकंही आली. आता तुम्हीच सांगा, स्टेन्सिल कापून, रात्री शाई लावून, हातानं दांडा फिरवून शंभर प्रती काढणाऱ्या आपल्या पोरांनी कोलकात्याला प्रत पाठवली असेल? टपालाचे पैसेच नव्हते. कित्येक अंकांवर तारीख नाही, संपादकाचं पूर्ण नाव नाही. पोलीस विचारायला येतील म्हणून पत्ता नाही. आपल्या लिखाणाची ही सगळी पिढी ग्रंथालयाच्या यादीत का नाही, याचं एक कारण जातीत आहे आणि एक कारण आपल्या घाईत आहे. दोन्ही लिहिली पाहिजेत.

महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. सरकारी अनुदानावर चालणारी सार्वजनिक ग्रंथालयं राज्यात हजारोंनी आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग. आपल्या जिल्ह्यातही तालुक्या-तालुक्याला आहेत. अनुदान जनतेच्या पैशातून येतं, म्हणून तिथं जाताना मागायला आलो असं वाटून घेऊ नका. सभासद व्हा. मागणीची वही असते, तिच्यात पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक लिहून सही करा. एकट्यानं नाही, दहा जणांनी. मागणी लेखी असली की पुढच्या खरेदीत ती टाळायला कारण द्यावं लागतं. तोंडी विचारलं की "तसलं आमच्याकडं नसतं" एवढ्यावर भागतं.

कपाटापाशी गेलात तर आकडे लक्षात ठेवा. बहुतेक मोठ्या ग्रंथालयांत पुस्तकं ड्युईच्या दशांश पद्धतीनं लावलेली असतात. ०७० म्हणजे पत्रकारिता. ०७९ च्या आसपास देशोदेशीच्या वर्तमानपत्रांचा इतिहास, भारताचा त्यातच. ३०२.२ म्हणजे संज्ञापन, ३०२.२३ म्हणजे माध्यमं. ३८४ मध्ये दूरसंचार, रेडिओ. ७९१.४३ मध्ये सिनेमा. आणि जातीवरचं पुस्तक यातल्या कुठंच नसतं, ते ३०५ मध्ये बसवलेलं असतं. म्हणजे आपल्या पत्रकारितेवरचं पुस्तक एका ग्रंथालयात पत्रकारितेच्या कपाटात, तर दुसऱ्यात 'दलित' म्हणून वेगळ्या कपाटात. दोन्ही कपाटं पाहिल्याशिवाय "नाही" म्हणू नका. रा. के. लेले यांचं 'मराठी वृत्तपत्रांचा इतिहास' हे जाडजूड पुस्तक पत्रकारितेच्या कपाटात सापडेल. ते वाचा, आणि त्यात आपल्याला किती पानं मिळाली तेही मोजा.

जालन्यासाठी एक खास सूचना. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीच्या कागदांत 'जालना जिल्हा' शोधलात तर काहीच हाती लागणार नाही. औरंगाबाद जिल्हा म्हणून शोधा. १९७७ चं औरंगाबाद जिल्हा गॅझेटियर घ्या, त्यात आपण आहोत. परतूर तालुका परभणीत होता, त्यासाठी १९६७ चं परभणीचं गॅझेटियर. १९४८ च्या आधीचे निजामाच्या सरकारचे कागद हैदराबादला आहेत, तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात, बहुतेक फारसी आणि उर्दूत. आपल्यातल्या एखाद्या पोरानं उर्दू शिकावं. जालन्यात उर्दू शिकवणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. आणि विद्यापीठ साठ किलोमीटरवर आहे. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत आपण लढलो, त्याचं ग्रंथालय आपण वापरतो किती?

५

पोरं म्हणतील, काका, आता सगळं मोबाइलवर मिळतं. सगळं नाही. पण बरंच मिळतं, आणि ते सोडून देणं मूर्खपणाचं आहे.

बाबासाहेबांचे इंग्रजी खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्या हिशेबानं २०१७ पासून बाबासाहेबांचं हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन कुणालाही छापता येतं. पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर आहेत. २००९ च्या यूजीसी नियमांनंतर विद्यापीठांना ते तिथं देणं भाग पडलं. आपल्या विद्यापीठातले दलित पत्रकारितेवरचे मराठी प्रबंध तिथं शोधा. प्रबंध पूर्ण वाचायला वेळ नसेल तर शेवटची संदर्भसूची वाचा, तीच खरी शिदोरी. खरगपूरच्या आयआयटीनं चालवलेलं 'राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय' आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं 'ग्रंथ संजीवनी' आहे, त्यात जुनी मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं. 'इंटरनेट अर्काइव्ह'वर जुन्या मराठी पुस्तकांचा ढीग आहे, पण नावं इंग्रजी लिपीत वेडीवाकडी लिहिलेली. म्हणून मूकनायक शोधताना एकदा एक 'ओ', एकदा दोन 'ओ', एकदा 'यू', एकदा दोन शब्द तोडून, अशा चारही तऱ्हांनी शोधा. बहिष्कृत हा शब्द तर 'कृत', 'क्रित', 'क्रुत' अशा तीन तऱ्हांनी सापडतो. शोधणाऱ्यानं पहिल्याच खेपेला हात टेकायचे नाहीत. मराठी विश्वकोश पूर्ण मोबाइलवर आहे, वृत्तपत्रांवरची नोंद वाचून मग पुढं जा. वर सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'वर ऐकायला मिळतात, त्या बायांच्याच आवाजात.

पण लक्षात घ्या. नेटवर तेवढंच आहे, जेवढं कुणीतरी कपाटातून काढून यंत्रावर ठेवलं. कपाटात नव्हतं ते नेटवर कुठून येणार? सत्तरच्या दशकातलं आपल्या पोरांचं चक्रमुद्रित अनियतकालिक मोबाइलवर नाही. ते कुणाच्या तरी माळ्यावर आहे.

६

आणि अभ्यास कसा करायचा? पुस्तकं जमवणं म्हणजे अभ्यास नव्हे. एक उदाहरण देतो.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. दैनिक 'मराठवाडा'नं नामांतराला विरोधाची भूमिका घेतली होती, हे सगळ्यांना माहीत आहे. पण नुसतं माहीत असून उपयोग नाही. जिथं जुन्या फायली असतील तिथं बसा, २८ जुलैपासून ऑगस्टअखेरपर्यंतचे अंक काढा. दोन वर्तमानपत्रं शेजारी ठेवा. वही आखा. बातमी कोणत्या पानावर? किती ओळी? जाळणाऱ्याला काय म्हणलं, 'जमाव' की 'विद्यार्थी' की 'ग्रामस्थ'? जळालेल्याचं नाव दिलं की नुसती संख्या? बोललं कोण, पोलीस पाटील की त्या घरातली बाई? महिनाभराची अशी वही झाली की कुठल्याही व्यासपीठावर तुम्हाला कुणी "भावनेच्या भरात बोलता" म्हणू शकणार नाही.

हीच वही आजच्या टीव्हीला, मोबाइलवरच्या बातमीला लावा. बातमी कोण ठरवतं हेही त्यातच येतं. १९९६ साली एक परदेशी वार्ताहर दिल्लीत दलित पत्रकार शोधत होता. त्यानं बी. एन. उनियाल यांना विचारलं. उनियाल यांनी शोध शोध शोधलं, त्यांना एकही अधिस्वीकृतीधारक दलित पत्रकार सापडला नाही, आणि त्यांनी तसं 'पायोनियर'मध्ये लिहिलं. त्यानंतर २३ वर्षांनी, २०१९ साली, ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी पाहणी केली. वृत्तसंस्थांतल्या १२१ प्रमुख जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय. अनुसूचित जाती-जमातीचा एकही नाही. १९२० साली 'केसरी'त चार ओळींची जागा नव्हती, शंभर वर्षांनी संपादकाच्या खुर्चीची नाही. म्हणून त्या पोरीनं पत्रकारितेला जाणं हा तिच्या एकटीच्या नोकरीचा प्रश्न नाही.

७

शेवटी काम सांगतो. भाषण नको.

जालना, अंबड, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, घनसावंगी. आठ तालुके. प्रत्येक तालुक्यात दोघं पुढं या, त्यात एक तरी मुलगी असावी, कारण घरातली पेटी बाईच उघडून देते. जुन्या कार्यकर्त्याच्या घरी जा. पँथरमध्ये होते त्यांच्या, समता सैनिक दलात होते त्यांच्या, गायन पार्टी चालवली त्यांच्या. विचारा, कागद आहेत का? पत्रक, निमंत्रण, पावती, जलशाची वही, वर्तमानपत्राचं कात्रण, अनियतकालिकाचा फाटका अंक, काहीही. कागद घेऊन येऊ नका. तो त्या घराचा आहे. दिवसाच्या उजेडात, सावलीत, सपाट ठेवून मोबाइलवर फोटो काढा, पुढची बाजू, मागची बाजू, कडेचा मजकूरही. वहीत लिहा: काय आहे, तारीख, कुणाच्या घरी, कोणत्या गावात, कोणत्या दिवशी पाहिलं. तारीख नसेल तर घरच्या म्हाताऱ्याला विचारून 'अंदाजे' म्हणून लिहा. आणि ज्यानं तो कागद जपला त्याची गोष्ट तिथंच, त्याच्या शब्दांत उतरवून घ्या. फोटोंच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा. एक विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्या, आणि दिल्याची पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आपण जे काही छापू, मग ते पत्रक असो की अंक, त्यावर तारीख, गाव आणि नाव टाका. दोन प्रती ग्रंथालयाला द्या. आपल्या आधीच्यांना जमलं नाही, त्यांच्याकडं टपालाचे पैसे नव्हते. आपल्याकडं आहेत.

त्या पोरीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. पानतावण्यांचं पुस्तक माझ्याकडं आहे, ते घेऊन जा म्हणलं. ती आली. पुस्तक घेतलं. निघताना म्हणाली, "काका, आमच्या आजीकडं पण एक पेटी आहे. कुणाला हात लावू देत नाही."

म्हणलं, आजच जा.

जय भीम.